शाळेची नियमावली नव्यानं लिहितोय: फाटक कधी लावायचं आणि दाखला कधी द्यायचा?

माळरान (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यात एका माध्यमिक शाळेवर मी शिक्षक आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत विद्यार्थ्यांसाठी नवी नियमावली करायचं ठरलंय आणि मसुदा लिहिण्याचं काम आम्हा काही शिक्षकांकडे आलंय. जुने नियम कार्यालयाबाहेरच्या भिंतीवर रंगवलेले आहेत. गणवेश स्वच्छ असावा, बाकांवर कोरू नये, शाळेत मोबाइल आणू नये, असे. त्यातल्या बहुतेकांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दोन नियमांवरून सहकाऱ्यांशी माझा वाद झाला आणि तो मिटलेला नाही, म्हणून इथं मांडतो. इथं पालक आहेत, शिक्षक आहेत, शाळा सुटून फार वर्षं न झालेली मंडळीही आहेत.

पहिला नियम असा. परिपाठ सुरू झाला की फाटक बंद. उशिरा आलेल्यांनी बाहेर थांबायचं, परिपाठ संपल्यावर मैदानाला फेऱ्या मारायच्या, पुन्हा उशीर झाला तर पालकांना घेऊन यायचं. दुसरा नियम असा की, न कळवता लांबलचक गैरहजर राहिलेल्याचं नाव कमी करायचं आणि शाळा सोडल्याचा दाखला हातात द्यायचा.

ऐकायला दोन्ही रास्त वाटतात. आता आमची मुलं येतात कुठून ते सांगतो. गावातली थोडी, बाकीची वाड्या-वस्त्या-तांड्यांवरची. मुली सरकारच्या मानव विकास योजनेतल्या निळ्या बसनं येतात. त्यांना एसटीचा पास फुकट आहे आणि त्या पासमुळेच त्या आठवीच्या पुढं शिकतायत. मुलं कधी बसनं, कधी दुधाच्या टेम्पोवर, कधी पायी. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं की बस अलीकडच्या फाट्यावरूनच परत फिरते. आगारात गाडी नसली की फेरी रद्द होते आणि ते पोरींना रस्त्यावर उभं राहिल्यावर कळतं. अशी उशिरा आलेली गाडी फाटकाशी थांबते, आतून पंचवीस-तीस पोरी उतरतात आणि त्या सगळ्या बाहेर उभ्या! राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं, त्याही फाटकाबाहेर सावधान उभ्या राहतात. यातल्या एकीनं तरी कुठला नियम मोडला, हे मला कुणी पटवून द्यावं.

मुलांचं वेगळं होतं. फाटक बंद दिसलं की ती बाहेर थांबत नाहीत, सरळ स्टँड गाठतात. दिवसभर तिथं बसायचं आणि शाळा सुटायच्या वेळी घरची गाडी धरायची. घरच्यांना वाटतं, पोरगं शाळेत होतं. २००३च्या तंबाखूविरोधी कायद्यानं शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री बंद केलीय, पण स्टँड त्या हद्दीच्या बराच पुढं आहे. पहिली पुडी बऱ्याच पोरांनी तिथंच फोडलेली असते. फाटक बंद केल्यानं शाळेच्या आतली शिस्त किती वाढली ते मोजता येत नाही. बाहेर काय वाढलं ते मात्र स्टँडवर जाऊन कुणालाही बघता येईल.

आता गैरहजेरी. आमच्या शिरूर, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी या भागातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परत येतात. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतलेले असतात, नाही म्हणायची सोय नसते. सोबत गेलेलं लेकरू मार्च-एप्रिलमध्ये परत येतं तेव्हा हजेरीपटावर त्याच्या नावापुढं लाल रेघ ओढलेली असते. मागं राहिलेली पोरं म्हाताऱ्या आजी-आजोबांजवळ राहतात. त्यात थोरली पोरगी असली तर सकाळचं पाणी, भाकरी, धाकट्यांचं आवरणं, सगळं तिच्यावर. तिला उशीर होणारच. ती आली याचंच मला कौतुक वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की, नियमावली दोन्ही बाजूंना बांधणारी असावी. विद्यार्थ्यानं काय करायचं हे जिथं लिहिलंय, तिथंच शाळेनं काय करायचं हेही लिहावं. परिपाठाला मुलांनी वेळेवर यायचं, तर शिक्षकांनीही यायचं. तास बुडवायचा नाही, तर तास मोकळाही सोडायचा नाही. स्वच्छ यायचं, तर मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी हवं. आणि शिक्षेच्या आधी कारण विचारायचं, ते वहीत लिहायचं. सहकारी म्हणतात, असं लिहिलं तर मुलं डोक्यावर बसतील. तुम्हाला काय वाटतं?

दुधनाकाठ

सर, राम राम. म्या परभणीकडचा शेतकरी, पोरगं नववीत हाये. तुमची तळमळ कळली, पण तुम्ही लईच सैल सोडायलात असं वाटतंय. पोरं आता घरी ऐकंनात. बापाला उलटं बोलायलेत. निदान शाळेचा तरी धाक पाहिजे का नको? आमच्या टायमाला गुरुजीनं छडी दिली तर घरी सांगायची सोय नव्हती. आता मास्तर लोकच भिऊ लागलेत. पोराला हात लावला की पालक मोबाइल काढून शूटिंग करायलेत. मग शिकवायचं कसं? उशीर झाला तर फेऱ्या मारू द्या की. फेऱ्यांनी कुणी मरत नाय.

एक मात्र खरं सांगतो. कापूस वेचणीला मजूर मिळंना म्हणून म्याच पोराला आठ-आठ दिवस घरी ठिवून घेतो. शाळेतून कुणी विचारायला आलं नाय. आलं असतं तर बरं झालं असतं.

उदगीरचा वकील

कायद्यापुरतं सांगतो, कारण यात खूप गैरसमज आहेत. शिक्षण हक्क कायदा २००९चा. त्याच्या कलम १७नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास या दोन्हींना मनाई केली आहे. दुसऱ्या शब्दाकडे लोकांचं लक्षच जात नाही. वर्गासमोर केस कापणं, फी राहिली म्हणून उभं करणं, जातीवरून किंवा आईबापाच्या कामावरून बोलणं, हेही त्यातच येतं. हे करणाऱ्यावर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

हा कायदा सहा ते चौदा वयाचा, म्हणून नववी-दहावीला छडी चालते असं काही शिक्षक मला सांगतात. चुकीचं आहे. २०१५चा बाल न्याय कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला लागू आहे. ज्याच्या ताब्यात मूल आहे त्यानं मारहाण केली किंवा विनाकारण शारीरिक वा मानसिक त्रास होईल असं वागवलं, तर कलम ७५खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

दुधनाकाठ, फेऱ्यांबद्दल म्हणाल तर जूनमध्ये किंवा मार्चमध्ये आपल्याकडच्या उन्हात, सकाळी न खाता आलेल्या मुलीला फेऱ्या मारायला लावून ती पडली, तर त्या शिक्षकाचं वकीलपत्र घ्यायला मी तयार होणार नाही.

माळरान सर, तुमच्या मसुद्यात पैशाचा दंड असेल तर तोही काढा. आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे. पावती कुठल्या नावाखाली फाडणार?

बालाघाटची लेक

मी या धाग्यावर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण दाखल्याचं वाचलं आणि राहवलं नाही.

माझे आईवडील कोयता होते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी. मी आणि माझी चुलत बहीण एकाच वर्गात. दोघी आजीजवळ राहायचो. नववीत तिला आजीच्या दुखण्यामुळं घरी थांबावं लागलं, एक धड महिनाही नाही. परत गेली तर वर्गात सगळ्यांसमोर उभं केलं आणि 'बापाला बोलाव, दाखला घेऊन जा' असं सांगितलं. बाप कुठून आणायचा? तो कारखान्यावर, साखरपट्ट्यात. ती शाळेत परत गेली नाही. फडातून काका आले ते स्थळ घेऊनच. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

शाळेला वाटलं असेल आपण एक बेशिस्त मुलगी कमी केली. आमच्या भागात मुलगी शाळेत जाते तोवरच तिचं लग्न थांबतं. 'अजून शिकायलीय' हे एवढं एकच उत्तर आईबापाला नातेवाइकांना देता येतं. ते उत्तर शाळेनंच काढून घेतलं तर मग उरतं काय? टोळीबरोबर तरणी पोरगी न्यायची भीती आणि मागं ठेवायचीही भीती, म्हणून लवकर उरकून टाकतात. आईबाप वाईट नसतात, त्यांना दुसरी वाट दिसत नाही.

सर, तुमच्या नियमावलीत एक ओळ घालाच. आठवी ते दहावीची मुलगी सलग काही दिवस आली नाही तर वर्गशिक्षकानं त्याच आठवड्यात तिच्या घरी जायचं. नोटीस पाठवायची नाही, स्वतः जायचं. आणि लग्नाची कुणकुण लागली तर ग्रामसेवकाला कळवायचं, गावात बालविवाह रोखण्याची कायद्यानं जबाबदारी त्याचीच आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर फलकावर मोठ्या अक्षरांत रंगवा.

मी शिकले कारण माझी एक बाई घरी आली होती. आजीशी चहा प्यायली, काही बोलली नाही फारसं. जाताना 'उद्या पाठवा' एवढंच म्हणाली. आज मी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे.

दुधनाकाठ

ताई, वाचून गप झालो. मह्या पुतणीचं असंच झालं. दाखल्याचं मला पटलं. उशिराचं अजून नाय पटलं.

जुना वर्गशिक्षक

धाग्याला उशिराच येतोय. मी मराठवाड्यातल्या तीन जिल्ह्यांत माध्यमिक शाळांवर काम करून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. माळरान, तुमचं बरंचसं मान्य आहे, पण एका बाबतीत मी दुधनाकाठ यांच्या बाजूनं आहे. वेळ पाळणं हे शिकवावंच लागतं. 'कारण असलं की चालतं' अशी सवय लागली तर कारणं तयार करायला मुलं फार लवकर शिकतात. फाटक उघडं ठेवा, पण उशिराची नोंद सुटता कामा नये.

आम्ही एक साधी वही ठेवली होती. फाटकाशी बाक, त्यावर वही. उशिरा येणाऱ्यानं आपल्या हातानं नाव, वेळ आणि कारण लिहायचं आणि सरळ वर्गात जायचं. उभं करणं नाही, बोलणं नाही. महिनाअखेरीला ती वही आम्ही शिक्षक एकत्र बसून वाचायचो. वाचली की गठ्ठे आपोआप पडतात. एका गाडीची मुलं, एका वस्तीची मुलं, घरी आजारी माणूस असलेली, आणि उरतात ती चार-दोन खरोखर रेंगाळणारी. त्या चौघांशी बोलायला मग वेळ मिळतो. सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं की ही चार पोरं त्या गर्दीत लपतात, आणि शिक्षेचा खरा तोटा हाच आहे. दुष्काळाच्या साली तर त्या वहीत 'टँकर' हा एकच शब्द पानभर असायचा. २०१६ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात सकाळी टँकरपाशी घागर घेऊन उभ्या असलेल्या पोराला कुठल्या तोंडानं वेळेचं महत्त्व सांगणार?

शाळा कडक असावी, याबद्दल मात्र मी ठाम आहे. आपल्या मराठवाड्यात शाळांनी माणसं घडवली ती कडक राहूनच. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा १९२१ची. स्वामी रामानंद तीर्थ तिथं मुख्याध्यापक होते, पुढं अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत. निजामाच्या राज्यात मराठी मुलांसाठी शाळा चालवायची तर ढिलाई परवडणारीच नव्हती. पण तिथले शिक्षक स्वतः मुलांपेक्षा जास्त कडक नियमात राहत. आणि त्याच पिढीतल्या मुलांनी १९३८मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहात मनाई झुगारून वंदे मातरम् म्हटलं. उस्मानिया विद्यापीठानं मुलांना काढून टाकलं, नागपूर विद्यापीठानं सामावून घेतलं. तेव्हाच्या व्यवस्थेच्या वहीत ती मुलं बेशिस्तच होती. म्हणून नियम लिहिताना हेही डोक्यात ठेवा की, मुलाला नियमाबद्दल प्रश्न विचारायची जागा हवी. दर सत्राला एकदा नियमावली वर्गात वाचा आणि मुलांना बोलू द्या.

एसटीवाला

मी वाहक आहे, मानव विकासच्या गाडीवर ड्यूटी केलीय. मुली फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या आम्हीही बघतो, जीव तुटतो. पण ड्रायव्हर-कंडक्टरच्या हातात वेळ नसते. गाडी आगारातूनच उशिरा सुटली तर पुढं काय करणार?

सर, तुम्ही लेखी द्या. शाळेच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकांच्या नावानं अर्ज करा. कोणत्या गावाहून किती पास आहेत, शाळा किती वाजता भरते, गाडी प्रत्यक्षात किती वाजता येते, याचा तक्ता जोडा. एक प्रत विभाग नियंत्रकांना, एक शिक्षणाधिकाऱ्यांना. तोंडी सांगितलेलं आगारात टिकत नाही, बदलीबरोबर जातं. गुरुजींनी सांगितलेली ती वही असली तर तक्ता तयारच आहे. आणि शाळेची वेळ दहा-पंधरा मिनिटं पुढं घेता आली तर तेही बघा. सकाळची शाळा लागते तेव्हा तर आम्हाला कुणी कळवतच नाही. वेळ बदलते मार्चमध्ये, आगाराला कळतं पोरं रस्त्यावर दिसल्यावर.

दोन लेकरांची आई

उशीर आणि दाखला यावर सगळे बोलले, पण मुलींचे नियम वेगळे आणि मुलांचे वेगळे असतात त्यावर कुणीच बोललं नाही. माझी एक मुलगी, एक मुलगा, एकाच शाळेत. मुलीला दोन वेण्या, रिबीन, ओढणी पिनांनी लावलेली, मधल्या सुट्टीत मैदानाच्या अमुक बाजूला जायचं नाही, मुलांशी बोलताना दिसली तर घरी फोन. मुलाला? केस बारीक ठेव, संपलं. मैदानाच्या त्या बाजूला मुली जायच्या नाहीत कारण तिथं मोठी पोरं छेड काढतात. मग नियम त्या पोरांसाठी का नाही?

शाळांत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटी असायला हवी. पेटी बऱ्याच ठिकाणी असते, पण मुख्याध्यापकांच्या केबिनसमोर. तिथं चिठ्ठी टाकायला कोण मुलगी जाईल? पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाकडच्या बोळात लावा आणि ती उघडताना एक पालक आई हजर असू द्या. माळरान सर, हे नियमावलीत येऊ द्या, विनंती आहे.

केसांचं एक. माझ्या मुलाचे केस वर्गात कात्रीनं मधूनच कापले होते. नियम त्यानं मोडला होता, मला मान्य आहे. पण तो त्यानंतर कितीतरी दिवस टोपी घालून बसायचा आणि अजून त्या सरांच्या विषयाचं पुस्तक उघडत नाही.

नांदेडकर

शिस्तीची सगळ्यात मोठी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते आणि तिथं नापास होतो आपण मोठी माणसं. वर्षभर ज्या पोराला 'खोटं बोलू नको' म्हणून शिकवलं, त्याला दहावीच्या पेपरला खिडकीतून चिठ्ठी द्यायला त्याचाच मामा भिंतीवर चढतो. आमच्या जिल्ह्यात २०१०च्या सुमारास श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्तीची मोहीम झाली. निकाल धाडकन खाली आला, आरडाओरडा झाला, पण आपलं मूल खरंच कुठं आहे ते पालकांना पहिल्यांदा दिसलं. त्यानंतर मुलं शिकवणी मागू लागली, चिठ्ठ्या नाही, हे मी माझ्या गल्लीत पाहिलंय.

त्यामुळं नियमावलीत शाळेनं लिहून द्यावं की आमच्या केंद्रावर आम्ही कॉपी होऊ देणार नाही. हे एक वाक्य लिहायची ज्या शाळेची तयारी आहे तिला फेऱ्या मारायला लावायची गरज पडणार नाही.

माळरान (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज बसून मसुदा पुन्हा लिहिला. महत्त्वाचं तेवढं इथं देतो.

फाटक उघडं राहील. फाटकाशी वही राहील, जुना वर्गशिक्षक सरांनी सांगितली तशी. उशिरा आलेला विद्यार्थी स्वतः नोंद करून थेट वर्गात जाईल. शिक्षकांच्या येण्याची वेळही त्याच वहीत, वेगळ्या पानावर. यावर शिक्षकांच्या बैठकीत खडाजंगी होणार हे मला माहीत आहे, पण हे पान मी मागं घेणार नाही. मुलांनी ज्या वहीत लिहायचं तिच्यात आपण लिहायला कचरत असू, तर ती वही मुलांपुढं ठेवायचा आपल्याला अधिकार राहत नाही.

फेऱ्या, उठाबशा, वर्गाबाहेर उभं करणं, पैशाचा दंड, केस कापणं, हे सगळं मसुद्यातून काढलं आणि 'शाळा हे करणार नाही' असं स्पष्ट लिहिलं. वकीलसाहेबांनी दिलेली कलमं शेवटी जोडली. वस्तू फोडली तर ती दुरुस्त करायला मुलानं हात लावायचा, भांडण केलं तर दोघांनी शिक्षकांसमोर बसून बोलायचं, पुडी सापडली तर पालकांना बोलवायचं आणि सोबत आरोग्य केंद्राकडे पाठवायचं. शिक्षकांच्या पुडीबद्दलही तेच लिहिलं आहे.

दाखल्याचा नियम पूर्ण बदलला. पालकानं मागितल्याशिवाय शाळा आपणहून दाखला देणार नाही. ताईंनी सांगितल्याप्रमाणे त्याच आठवड्यात घरभेट. वर्गशिक्षकांना गावं वाटून दिली की पेट्रोलचा प्रश्नही हलका होतो. टोळीबरोबर जाणाऱ्या मुलांची यादी दसऱ्याच्या आधीच करायची आणि आजीजवळ राहायची सोय होते का, वसतिगृह मिळतं का, हे तेव्हाच बघायचं. दहावीच्या मुलांना बोर्डाची पंचाहत्तर टक्के हजेरीची अट जूनमध्येच सांगायची. डिसेंबरमध्ये सांगून काय उपयोग? मग आपण त्यांना सतरा नंबरचा फॉर्म भरा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसा, म्हणतो आणि हात झटकतो.

मुलामुलींना सगळे नियम सारखे. पेटीची जागा बदलायला मुख्याध्यापक तयार झाले. कॉपीचं वाक्य लिहिलंय. संस्था ते ठेवते की खोडते ते बघू. खोडलं तर पालकसभेत मी ते वाचून दाखवणार.

मोबाइलचं अजून ठरलेलं नाही. पूर्ण बंदी म्हणावं तर लांबून येणाऱ्या मुलीकडं फोन असावा असं तिच्या आईला वाटतं, आणि ते खरंही आहे. सकाळी कार्यालयात जमा, सुटताना परत, असं एक मत आहे. पण हरवला तर जबाबदारी कुणाची, इथं गाडी अडली.

दुधनाकाठ

जमा करून घ्या सर, पण पिशवीवर नाव घालून कुलपात ठिवा आन् पावती द्या. आन् वहीचं आता पटलं. मास्तरांचं पान हाये म्हणल्यावर आमाला बोलायला जागा नाय राहिली. औंदा वेचणीला पोराला ठिवत नाय म्हणत नाय, पण ठिवलं तर कळवतो. तुमच्यासारखं कुणी घरी आलं तर चहा तयार हाये.

बालाघाटची लेक

सर, यादी दसऱ्याच्या आधी नको, पोळ्याच्या सुमाराला करा. मुकादम उचल त्याच्याही आधीपासून वाटायला लागतात आणि एकदा उचल घेतली की कोण सोबत जाणार ते घरात ठरलेलं असतं.

माळरान (धागाकर्ता)

हे लक्षातच आलं नव्हतं, ताई. मसुद्यात पोळा केला.

एसटीवाला

उन्हाळी सुट्टी संपायच्या आत अर्ज द्या सर. शाळेच्या फेऱ्यांचं नियोजन जूनच्या आधी होतं. तक्ता कसा भरायचा त्याचा नमुना उद्या ड्यूटीवरून आलो की इथंच टाकतो.